मधला खांब

१४ सप्टेंबर

अण्णा,

नमस्कार, तब्येतीची चौकशी, सगळ्यांना आठवण, हे सगळं झालं असं धरून चाला आणि पहिल्याच ओळीला कागद बाजूला ठेवू नका. तुम्ही फोनवर येत नाही म्हणून लिहितेय. आईला विचारलं की ती म्हणते, "अगं, ते गच्चीवर गेलेत." रोज माझा फोन आला की गच्चीवर तुमचं असं काय काम निघतं? आईला खोटं बोलता येत नाही, निदान तिला एखादं बरं कारण तरी शिकवून ठेवा.

साइटवर तुमचा एक नियम होता. प्लंबर असो, सुतार असो, तोंडी बोललेलं तुम्ही धरायचा नाहीत. "लेखी दे. लेखी नाही ते घडलंच नाही." म्हणून हे लेखी. मी हाताने लिहिणार, फोटो काढून वहिनीच्या मोबाइलवर पाठवणार आणि ती छापून तुमच्या ताटाशेजारी ठेवणार. बायकोला पोस्टमन केलं म्हणून दादा कुरकुर करेल. करू दे.

तर लेखी कबुली. होय, मी चित्रकलेचा वर्ग घेतला आहे. इथे आमच्या विषयासोबत एक विषय बाहेरचा घ्यावाच लागतो. मी फोनवर हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुला घरं उभी करायचं शिकायला पाठवलंय, चित्रं काढायला नाही," आणि फोन आईच्या हातात दिलात. तेव्हापासून तुम्ही गच्चीवर आहात.

माझा मुख्य अभ्यास नीट चालू आहे. निघताना विमानतळावर तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता, कोणी ओळखीचा विचारतोय म्हणून. राहत्या घरातला एखादा खांब काढून वर लोखंडी गर्डर दिला तर तो किती वर्षं धरतो. ते अजून आम्हाला शिकवलेलं नाही. शिकवलं की कळवते. तुमच्या ओळखीच्याला म्हणावं, जरा दम धर.

तुमची (चित्रं काढणारी) मुलगी


९ ऑक्टोबर

अण्णा,

तुमचा भिंती तपासायचा जुना पितळी ओळंबा सापडत नाहीये म्हणून तुम्ही दादाला झापलंत असं वहिनी सांगत होती. दादाची माफी मागा. तो माझ्याकडे आहे. निघताना बॅगेत मोज्यात गुंडाळून आणला. विमानतळावरच्या बाईने तो बाहेर काढून हातात तोलून पाहिला आणि "हे काय?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, हे माझे वडील.

हसू नका, पण इथे तो रोज कामाला येतो. आमच्या वर्गात एक आजी समोर उभ्या राहतात आणि आम्ही त्यांचं चित्र काढतो. (आई, पूर्ण कपड्यांत. देवाशप्पथ.) पहिल्या दिवशी मी डोळे, नाक, पदरासारखी त्यांची शाल असं छान छान काढत बसले. सर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ही बाई पडणार." खरंच, माझी आजी एका बाजूला कलली होती. मग त्यांनी एका दोऱ्याला किल्ली बांधली, तो दोरा डोळ्यांसमोर धरला आणि दाखवलं. गळ्याच्या खळगीतून सरळ रेघ खाली सोडली की ती ज्या टाचेवर पूर्ण वजन आहे तिच्यावर येते. "आकार नंतर. आधी वजन कुठून खाली उतरतंय ते शोधा." मी बॅगेतून तुमचा ओळंबा काढला तर सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी खजिनाच आणलाय. आता सगळा वर्ग मागून मागून वापरतो. चित्रकाराला आणि गवंड्याला एकच हत्यार लागतं हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतंत.

मग त्यांनी पाठ असलेली एखादी खोली आठवून काढायला सांगितली. मी आपला खालचा हॉल काढला. काढता काढता माझ्या हाताने मधोमध तो खांब उभा केला, माझ्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघांसकट. मग आठवलं की तो आता नाहीच. शाळेत असताना मी सुट्टीत मामाकडे गेले होते आणि परत आले तर खांब गायब, वर नवं पांढरं पीओपीचं छत. हॉल भाड्याने घेणाऱ्या लोकांची तक्रार होती ना, की मागच्यांना पुढचं काही दिसत नाही. मी माझ्या रेघांसाठी भोकाड पसरलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, "तो शोभेचा होता गं चिमे. काही उचलत नव्हता."

सरांनी चित्र बराच वेळ पाहिलं. मी त्यांना सांगितलं की हा खांब शोभेचा होता. ते म्हणाले, "तुझ्या चित्रात तरी सगळं तोच उचलतोय." मी म्हटलं, मला अजून चित्र काढता येत नाही.

आई म्हणाली, वरच्या न्हाणीचं दार पुन्हा अडकायला लागलंय आणि तुम्ही पुन्हा रंधा मारलात. किती वेळा तासणार ते दार? शेवटी फळीची पट्टी होईल.

तुमची चिमी


२ नोव्हेंबर

अण्णा,

हे पत्र तुम्ही वाचलं नाहीत तरी चालेल, वहिनीने वाचावं. मी नाचतेय!

चित्रकलेच्या सरांनीच पाठवलं. म्हणाले, तुला वजन कागदावर कळत नसेल तर अंगात कळेल. एका जुन्या गोदामाच्या माडीवर वर्ग भरतो. लाकडी जमीन, एका बाजूला रांगेने खिडक्या. शिकवणाऱ्या बाई चांगल्या जाडजूड आहेत, काठीने ठेका धरतात, म्हणून मी त्यांचं नाव ठोकेबाई ठेवलंय. पण त्या उडी मारून खाली येतात तेव्हा आवाज म्हणून होत नाही. मी उडी मारली की मात्र खालच्या गोदामातला माणूस वर बघायला येतो.

त्यांचा एक विचित्र नियम आहे. पहिल्या दिवशी आम्ही सगळे एका ठेक्यावर उडी मारून एकदम खाली आलो. बाईंनी काठी आपटली, सगळं थांबलं. त्यांनी खिडकीत पाण्याचा पेला ठेवला आणि पुन्हा तीच उडी मारायला लावली. पेल्यातलं पाणी बाहेर सांडलं. मग अर्ध्यांनी एकावर आणि अर्ध्यांनी दोनवर खाली यायचं असं केलं. पाणी नुसतं थरथरलं. म्हणाल्या, "ही माडी म्हातारी आहे. तुम्ही एकेकट्याने कितीही नाचा, ती सोसेल. सगळ्यांनी मिळून एकदम मारू नका तिला." आता आम्ही कधीच एकत्र खाली येत नाही. बघणाऱ्याला वाटतं केवढी कलात्मक रचना! आहे आपली भीती.

मला एवढा आनंद किती वर्षांत झाला नव्हता, खरं सांगते. घरी येऊन पाय शेकत बसते आणि एकटीच हसते.

वहिनी, तू कॉलेजात नाचाची बक्षिसं मिळवायचीस ना गं? ती कपाटावर धूळ खात ठेवलीस ती? आमच्या घरात येऊन तू नुसती फायली लावायला लागलीस. वरचा मोठा दिवाणखाना रिकामा पडलाय. शिकव की मुलींना.

चिमी


२१ नोव्हेंबर

अण्णा,

मी चिडलेली आहे आणि तुम्हाला ते कळावं म्हणून मोठ्या अक्षरात लिहितेय.

वहिनीने हॉलच्या वरच्या दिवाणखान्यात नाचाचा क्लास काढायचं म्हटलं आणि तुम्ही "नको" म्हणालात. का, तर "नको म्हटलं ना." आई सांगते, तुम्ही भरल्या ताटावरून उठलात. दादा सांगतो, त्याने तीनदा विचारलं आणि तीनही वेळा तुम्ही चप्पल घालून बाहेर पडलात. वहिनीने तर बोलणंच टाकलंय.

मला चित्रकला नको, वहिनीला नाच नको. नाच म्हटलं की तुमच्या कपाळाला आठ्या पडतात. लोक काय म्हणतील, हेच ना? कंत्राटदाराची सून मुलींना नाचवते? ज्या माणसाने मला, मुलीला, साइटवर शिडीवर चढवलं, तो माणूस असा कधी झाला?

साइटवर तुम्ही कोणाचं नुसतं "नको" ऐकून घेतलं असतंत का? कारण द्या. लेखी द्या. नसेल तर क्लास सुरू होऊ द्या.

तुमची मुलगी (तुमच्यावरच गेलेली)


१२ डिसेंबर

अण्णा,

मानलं तुम्हाला. आभार. वहिनी फोनवर रडली आणि मीही.

तुमच्या अटी ऐकून मात्र आम्ही दोघी पोट धरून हसलो. मुली थोड्याच घ्यायच्या. भिंतीला मोठे आरसे लावायचे नाहीत. खाली जाड गाद्या घालायच्या. गाद्यांवर नाच! वहिनी म्हणाली, "अण्णांना वाटतं मी कुस्तीचा आखाडा काढतेय." आवाजाचा त्रास होतो म्हणालात ना? दादाने आरसे लावलेच आहेत, आता ओरडू नका. मुलीही बऱ्याच जास्त आल्यात.

आता माझी पुढची अधोगती ऐका. मी नाटकातही गेले. ठोकेबाईंच्या वर्गातला एक जण घेऊन गेला. दिग्दर्शक एक किडकिडीत गृहस्थ आहेत, सतत चष्मा पुसतात, म्हणून नाव चष्मा. त्यांनी अजून मला एक वाक्यही बोलू दिलेलं नाही. ते आमच्याकडून एक खेळ खेळून घेतात, खड्ड्याचा खेळ. एकाच्या कानात सांगतात की रंगमंचावर अमुक ठिकाणी खड्डा आहे. प्रत्यक्षात काही नसतं, सपाट फळ्या. त्याने कोणाला कळू न देता तिथे वावरायचं, खुर्च्या मांडायच्या, पाणी द्यायचं. बाकीच्यांनी बघून सांगायचं की खड्डा कुठे आहे.

माझी पाळी आली तेव्हा लगेच पकडले गेले. मी त्या जागेकडे सारखी बघत होते. पण आमच्यातला एक मुलगा असा काही वावरला की आम्हाला सापडेचना. मग चष्मा म्हणाले, "तो कुठे जातोय ते बघू नका, कुठे जात नाही ते बघा. नवखा माणूस वळसा घालतो. मुरलेला माणूस वळसा घालत नाही, वाटेत काहीतरी काम काढतो." आणि खरंच, तो मुलगा प्रत्येक वेळी मधून जायच्या आधी कुठेतरी खुर्ची सरळ करायचा, कोणाच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि मग कडेने निघून जायचा. अंगावर काटा आला माझ्या. एवढं साधं असून दिसत नव्हतं.

क्लासच्या उद्घाटनाचा व्हिडिओ दादा पाठवणार आहे. बघायची घाई झालीय.

तुमची चिमी


८ जानेवारी

अण्णा,

हे पत्र वहिनीच्या मोबाइलवर पाठवत नाहीये. कुरिअरने, तुमच्या नावाने, फक्त तुमच्यासाठी. जेवताना वाचू नका.

मी उद्घाटनाचा व्हिडिओ पाहिला. पहिल्यांदा हसत पाहिला, वहिनीचा नवा पोशाख, आईचं मिरवणं. वर मुली नाचतायत, खाली हॉलमध्ये त्यांचे आईवडील चहा पितायत, दादा मोबाइल घेऊन फिरतोय. तुम्ही यजमान. हातात पाण्याच्या पेल्यांचा ट्रे.

मग मी पुन्हा पाहिला, कारण काहीतरी खुपत होतं.

तुम्ही दाराकडून पलीकडच्या खिडकीकडे जाता. मध्ये मोकळी जागा आहे. तुम्ही भिंतीकडची एक खुर्ची सरळ करता आणि कडेने जाता. परत येताना पडद्याची दोरी बांधता आणि कडेने येता. एक म्हातारे गृहस्थ मधोमध बसून पाणी मागतात, तुम्ही दादाला हाक मारून पेला त्याच्याकडून पाठवता. अख्ख्या व्हिडिओत तुम्ही हॉलच्या मधून एकदाही गेला नाहीत. वर मुली उडी मारून एकदम खाली आल्या की पंखे हलतात, आणि दरवेळी तुम्ही छताकडे बघता. बाकी कोणी बघत नाही. सगळे वरच्या ठेक्यावर टाळ्या वाजवतात.

अण्णा, खड्डा कुठे आहे ते मला सापडलं.

मी व्हिडिओ थांबवून पडद्यासमोर तुमचा ओळंबा धरला. फोटो तिरका असू शकतो हे मला कळतं, म्हणून पंख्याचा दांडा धरला, तो तर आपोआप सरळ लोंबतो. त्याच्याशी दाराची चौकट जुळत नाही. एकही चौकट जुळत नाही. न्हाणीचं दार लाकूड फुगून अडकत नाहीये. मला हे इतकी वर्षं दिसलं नाही. पदवी घेतली, पण आपल्या घराकडे परीक्षक होऊन कोण बघतं? तुम्ही म्हणालात शोभेचा होता आणि मी ते धरून चालले, तोंडी.

तुमचा तो ओळखीचा कोण, ते कळलं. तुम्ही मला याच विषयाला का पाठवलंत, तेही कळलं. मी शिकून येईन, घरातल्या घरात गुपचूप काहीतरी करू, बाहेरच्या इंजिनिअरला छत उघडून दाखवायला नको, असंच ना? आणि मी चित्रं काढत बसले म्हणून तुम्ही फोनवर यायचंच सोडलंत. तुम्हाला वाटलं, चिमी गेली हातची. मग वहिनीला तुम्ही नको म्हणालात, आणि मी तुमच्यावर तुटून पडले. त्या मुलींना त्या माडीवर मी चढवलंय, अण्णा. हे आठवलं की मला बसवत नाही.

पण एक गोष्ट मला गिळता येत नाही. व्हिडिओत आई मधोमध जाऊन बसते. तुम्ही भिंतीपासून तिला हाक मारता, "जरा इकडे ये गं," आणि ती उठून येते. तिच्या रिकाम्या खुर्चीवर दुसऱ्या कोणाची तरी आई बसते. तिला तुम्ही हाक मारली नाहीत.

मुलींच्या परीक्षा आहेत म्हणून क्लास बंद आहे, एवढ्याच भरवशावर मी हे आधी तुम्हाला लिहितेय. क्लास उघडायच्या आत तुम्ही स्वतः सगळ्यांना सांगा. तुमच्या तोंडून. मी सांगितलं तर तुमचं नाक कापलं जाईल आणि मला ते नकोय.

चिमी


१९ जानेवारी, विमानात

अण्णा,

कुरिअर पोचल्याची सही मला दिसली. तुमचीच सही, खाली दोन रेघा मारलेली. उत्तर नाही.

म्हणून मी दादाला फोन केला. तो सगळं ऐकून हसला. "अण्णांनी सांगितलं होतं तुझा असा फोन येईल म्हणून. तिला नाटकाचं वेड लागलंय, तिला सगळीकडे नाटक दिसतं म्हणाले." मी म्हटलं, छत उघडून बघ. तर म्हणे, "अगं, अण्णांनी बांधलेलं घर आहे ते." वहिनीला म्हटलं, क्लास थोडे दिवस थांबव. ती म्हणाली, "तूच भरीस घातलंस, आणि आता मुली रविवारी पालकांना नाच दाखवणार तर तूच पाय ओढतेस? तिकडे तू नाच आणि आम्ही इकडे फायली लावू, असंच ना?" आणि फोन बंद.

तुम्ही मला खोटं पाडलंत. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही मला खोटं पाडलंत, आणि तेही माझ्याच आवडीचं निमित्त करून. मी खूप रडले. शेजारच्या सीटवरचा माणूस जागा बदलून गेला.

चष्म्यांना विचारलं, मी आता काय करू? ते म्हणाले, "खड्डा सापडला असेल तर ओरडून काही होत नाही. त्यात जाऊन उभं राहायचं."

चिमी


२८ जानेवारी

अण्णा,

इतके दिवस समुद्रापलीकडून लिहीत होते, आज रस्त्यापलीकडून लिहितेय. समोरच्या स्टेशनरीवाल्याच्या पायरीवर बसलेय. तुम्ही फोन घेत नाही, हाकेला ओ देत नाही. तेव्हा पुन्हा लेखी.

रविवारी काय झालं ते आधी नोंदवते, कारण लेखी नाही ते घडलंच नाही असं तुम्ही म्हणाल.

मुली जिन्याच्या खाली रांगेने उभ्या होत्या, वर जायच्या तयारीत. त्यांच्यामागून वर जायचं म्हणून पालक खुर्च्यांवर बसले होते. मी आत आले आणि हॉलच्या मधोमध जाऊन उभी राहिले. जागा शोधावी लागली नाही. तिथल्या चार फरश्यांचा रंग अजून वेगळा आहे. तुम्ही भिंतीशी उभे होतात, ट्रे घेऊन. मी म्हटलं, "अण्णा, मुलींना वर पाठवू?"

तुम्ही ट्रेमधले पेले सरळ केलेत. वहिनी म्हणाली, "चला गं, एकेक करून." पहिली मुलगी पायरी चढली, दुसरी चढली.

तुम्ही म्हणालात, "चिमे, बाजूला हो."

मी म्हटलं, "का?"

"बाजूला हो म्हणतो ना!"

"कारण सांगा, अण्णा."

दादा म्हणाला, "नाटक पुरे." आणि तेव्हा दारातून आई बोलली. एवढ्या हळू आवाजात आई कधी बोलत नाही. "अहो, का बाजूला व्हायचं तिने?"

ट्रे तुमच्या हातातून पडला नाही, तो तुम्ही नीट खिडकीत ठेवलात. मग भिंतीला टेकून खाली बसलात आणि म्हणालात, "तिथे काही नाहीये. वर काही नाहीये धरायला. सगळे बाहेर व्हा."

असं घडलं. एकाही मुलीला खरचटलंसुद्धा नाही. हे तुमच्यामुळे झालं, हेही मी लिहून ठेवते. माझ्या एकाही पत्राला तुम्ही उत्तर दिलं नाहीत, ते मी त्या वाक्यासाठी माफ केलं.

मग सोमवारी इंजिनिअर आले, त्यांनी छताचा एक तुकडा काढला, वर टॉर्च मारली, आणि गर्डरबद्दल काहीच न बोलता एवढंच विचारलं की घरात आता कोणी आहे का. आम्ही मामाकडे गेलो. तुम्ही "चाव्या विसरल्या" म्हणून परत आलात आणि आतून हॉलचं शटर ओढून घेतलंत.

आईने काल फटीतून पाहिलं. तुम्ही माळ्यावरची खाट खाली आणलीय आणि ती त्या चार फरश्यांवर टाकलीय. इतकी वर्षं ज्या जागेवर पाय ठेवला नाहीत तिथे तुम्ही झोपताय.

अण्णा, हे काय चालवलंय? लोक काय म्हणतील? मी सांगते काय म्हणतात. त्या मुलींच्या आया सकाळपासून आईजवळ येऊन बसतात. एकीने आईसाठी खुर्ची आणली. कोणी तुम्हाला शिव्या घालत नाहीये. वहिनी रस्त्याच्या कडेला उभी आहे आणि शटरवरून डोळे हलवत नाहीये. दादा टेकू आणायला गेलाय, पण तुम्ही आत असताना टेकू लावायला एकही माणूस तयार नाही. शटर तोडू म्हटलं तर इंजिनिअर हात जोडतात. म्हणतात, एक हातोडा पडला तरी हादरा बसेल. म्हणजे ते आतूनच उघडायला हवं, हळू, आणि ते फक्त तुम्हीच करू शकता.

तुमच्या ओळखीच्याला उत्तर द्यायचं राहिलं होतं. मी शिकले. त्याला सांगा, तो गर्डर टिकायचा तेवढा टिकला. त्याला सांगा, त्याच्या मुलीला घर नकोय, हॉल नकोय, त्या रेघाही नकोत. तिने फोन केला की गच्चीवर जाणारा का होईना, पण बाप हवाय.

शटर आता डाव्या बाजूला जमिनीला टेकत नाही, चार बोटं फट राहते. पूर्वी राहत नव्हती. त्या फटीतून हा कागद आत सरकवतेय, आणि त्याबरोबर तुमचा ओळंबा. उठून एकदा चौकटीसमोर धरा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, त्याच्यावर ठेवा. तुमच्या हाताला सवय आहे.

आणि मग या. मधून येऊ नका. खिडकीकडून, पडद्याच्या दोरीकडून, भिंतीच्या कडेकडेने या, जसे नेहमी जायचात तसे. आत अंधार असला तरी तुम्हाला ती वाट पाठ आहे.

मी शटरच्या या बाजूला बसलेय. आई म्हणते तिला आत्ता खाटेचा आवाज आला. मला काही ऐकू आलं नाही.

अण्णा, बाजूला व्हा.